डोळस, आंधळे आणि केडगावचं बार्तिमी सदन

मंडळी, मागच्या शनिवारी घरी बसायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. आठवडाभर एका रिलीजच्या मागे डोळे फुटेस्तोवर काम झालेलं. त्यामुळे सकाळी सहालाच गाडी काढली आणि नगर रोड धरला. वाघोलीची गर्दी, शिक्रापूर, रांजणगावच्या गणपतीला लांबूनच नमस्कार आणि मग शिरूर. जुनी माणसं अजूनही शिरूरला 'घोडनदी' म्हणतात. चहा तिथेच घेतला.

शिरूरला इंग्रजांची छावणी होती आणि तिथे एका इंग्रज कर्नलची कबर आहे, विल्यम वॉलेसची. १८०३ च्या असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या (म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या) हाताखाली होता. १८०९ साली तो शिरूरला वारला. इथवर काही विशेष नाही, असे कर्नल पायलीला पन्नास. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये एक मजेशीर नोंद आहे. आसपासच्या गावांतले शेतकरी या कबरीला 'सतपुरुष' मानत, पीक निघालं की नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवत. म्हणजे ज्या फौजेने मराठी राज्य बुडवायला हातभार लावला, त्याच फौजेतल्या गोऱ्या ख्रिस्ती साहेबात लोकांना संत दिसला!

आता याला काय म्हणायचं? आपण पुण्यातली शिकलेली माणसं पटकन म्हणू, 'अंधश्रद्धा'. मीही तेच म्हणालो. पण गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली आणि हा शब्द काही डोक्यातून जाईना. कारण मी ज्या ठिकाणी निघालो होतो, तिथे हाच शब्द बरोबर उलटा होतो.

आपल्या भाषेत आंधळेपण श्रद्धेला चिकटलेलं आहे. श्रद्धा आंधळी, बुद्धी डोळस. फार तर तडजोड म्हणून आपण 'डोळस श्रद्धा' म्हणतो, म्हणजे श्रद्धेला बुद्धीचा चष्मा लावलेला. ख्रिस्ती परंपरेत मात्र आंधळेपण चिकटतं ते श्रद्धा नसण्याला. श्रद्धा म्हणजे दृष्टी, आणि ती नसली की डोळे शाबूत असूनही माणूस आंधळा. आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, पण आपण त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. तरी रोजच्या बोलण्यात आपलं गणित ठरलेलंच असतं.

शुभवर्तमानांत आंधळ्यांच्या बऱ्याच गोष्टी आहेत. त्यातल्या तीन इथे सांगतो, कारण पुढे त्या लागणार आहेत.

पहिली बार्तिमयाची. यरीहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेला हा आंधळा. येशू चाललाय असं कळल्यावर तो ओरडायला लागतो. लोक त्याला गप्प बसवतात, तर तो आणखीच ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलवायला सांगतो. बार्तिमय अंगावरचं पांघरूण टाकून उठतो आणि म्हणतो, मला दिसायला पाहिजे. गंमत अशी, की येशू कोण आहे हे त्याने दृष्टी मिळायच्या आधीच ओळखलेलं असतं, 'दावीदपुत्र' म्हणून त्याने हाक मारलेली असते. आणि डोळे असलेल्या गर्दीला मात्र तो भिकारी म्हणजे नुसता आवाजाचा त्रास वाटत असतो.

दुसरी योहानाच्या शुभवर्तमानातली, जन्मांधाची. त्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? हा प्रश्न आपल्या किती ओळखीचा आहे बघा. आपण 'पूर्वसंचित' म्हणतो, एवढाच फरक. येशू म्हणतो, दोघांचंही नाही. मग त्याला दृष्टी येते आणि खरा गोंधळ इथून सुरू होतो. रोज त्याला बघणारे शेजारीच वाद घालतात, की हा तोच का दुसरा कुणी! आईबाप घाबरून हात झटकतात. शेवटी धर्माचे जाणकार त्याला बाहेर काढतात. म्हणजे आंधळा होता तोवर समाजात होता आणि दिसायला लागल्यावर वाळीत पडला.

तिसरी गोष्ट छोटी आहे आणि मला सगळ्यात आवडते. बेथसैदाच्या आंधळ्याच्या डोळ्यांवर येशू हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतायत, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो तेव्हा त्याला नीट दिसतं. चमत्कार एका फटक्यात होत नाही, दोन टप्प्यांत होतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. पहिल्या बिल्डला सगळं चाललं असं कुणी म्हटलं तर आम्हालाच संशय येतो :)

असो. पारगावला भीमा ओलांडली आणि केडगावला पोचलो. तालुका दौंड. शेजारचं चौफुला म्हटलं की लोकांना लावणी आठवते, पण केडगाव म्हटलं की एकच नाव, पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन इथेच आहे आणि आजही चालू आहे. या मुक्तीत निरनिराळी सदनं होती. विधवांचं आणि मुलींच्या शाळेचं शारदा सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आणि आंधळ्या बायका-मुलींसाठी एक, त्याचं नाव बार्तिमी सदन. वर सांगितलेल्या बार्तिमयाचंच नाव.

गेटसमोर झाडाखाली गाडी लावून बराच वेळ बसलो होतो. रमाबाईंच्या आयुष्यात हे आंधळेपणाचं आणि दिसण्याचं सूत्र किती लांबून आलंय, ते तिथे पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागेल. अनंतशास्त्री डोंगरे मूळचे कर्नाटकातले, पण शिकायला पुण्यात होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यात जात. बाई संस्कृत म्हणतेय हे तरुण अनंतशास्त्र्यांनी ऐकलं आणि ठरवलं की आपल्या घरात हे झालंच पाहिजे. पुढे बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं म्हणून उडुपीला पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधारे तो दिला. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्या संस्कृत शिकल्या त्या आईकडून.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भारतभर पायी फिरलं. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते सगळं विकून देवळांत, दानधर्मात दिलं, की देव पावेल. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी वडिलांचा शेवट सांगितला आहे. अनंतशास्त्री तेव्हा आंधळे झाले होते. मुलीचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. त्यांनी तिला जवळ घट्ट धरलं, डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि सांगितलं, की सन्मार्ग सोडू नकोस, देवाची सेवा कर.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. रमाबाईंच्या गोष्टीतला पहिला आंधळा माणूस हा, आणि तो श्रद्धावान हिंदू शास्त्री आहे. त्याच्या काळात इतरांना जे दिसत नव्हतं, म्हणजे बाईला बुद्धी असते हे, ते याला दिसलं होतं. पुढे रमाबाईंनी हिंदू शास्त्रांवर कडक टीका केली, पण या बापाबद्दल त्यांचं मन कधीच कडू झालं नाही.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. १८७८ ला कलकत्ता, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय लग्न, १८८१ ला मनोरमेचा जन्म, १८८२ ला वैधव्य. मग पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ ला वैद्यकी शिकायची म्हणून इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत होतं, ते वाढत गेलं आणि डॉक्टर होणं राहिलं. तिथे वाँटेजच्या मठात राहताना लंडनच्या फुलहॅममधलं एक घर त्यांनी पाहिलं. रस्त्यावर आलेल्या बायकांना तिथे मठातल्या भगिनी प्रेमाने सांभाळत होत्या. अशा बायकांचा धर्माने तिरस्कारच करायचा असतो, एवढंच त्यांनी तोवर पाहिलेलं. तुम्ही हे का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आली का दृष्टी? मिशनऱ्यांच्या पुस्तकात गोष्ट इथे संपली असती. पण रमाबाईंच्या बाबतीत इथे माणसं अजून झाडांसारखीच दिसत होती.

सिस्टर जेराल्डिनबरोबरचा त्यांचा त्या काळातला पत्रव्यवहार जरूर वाचा. बाई प्रत्येक गोष्टीवर वाद घालतायत! त्रैक्य म्हणजे काय ते समजल्याशिवाय मानणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमचं संस्कृत काय वाईट आहे? मांस खाणार नाही. आणि मुख्य म्हणजे, आत्ताच एका पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवलीय, लगेच दुसरं जोखड घालून घेणार नाही. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. मला वाटतं ती अनंतशास्त्र्यांची मुलगी होती, दुसरं काय.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याच साक्षीत रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे कुठे घडलं? पुण्यात! ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आलं होतं. त्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं प्रवचनं देत होता आणि एके दिवशी स्वतःचंच प्रवचन देताना त्याच्या ध्यानात आलं, की यातलं आपल्याला काहीच दिसलेलं नाही. रमाबाईंना तो आरसा वाटला. पटलेलं आणि दिसलेलं यातला फरक त्यांना स्वतःपुरता तेव्हा कळला. तोवर त्या धर्माचा अभ्यास करत होत्या, नंतर त्या त्याच्यावर विसंबल्या.

तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा (मी नाही), यातला प्रामाणिकपणा बघा. जगभर जिच्या धर्मांतराचा गाजावाजा झाला, ती बाई स्वतः म्हणते की त्या दिवशी मला नीट दिसलं नव्हतं.

याचा बाहेरचा परिणाम मात्र वाईट झाला. शारदा सदन अमेरिकेतल्या देणग्यांवर चालायचं, पण धर्म शिकवायचा नाही अशी अट होती. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करायला लागल्या आणि काही मुली आपण होऊन तिथे बसायला लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी भराभर मुली काढून घेतल्या.

इथे मला दोन्ही बाजू सांगायला हव्यात. पालकांची भीती निव्वळ खुळी नव्हती. लहान, निराधार मुलीवर जिच्या हातात तिचं अन्न आहे तिच्या श्रद्धेचा परिणाम होणारच. हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही आहे. पण दुसरी बाजूही आहे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, ती हिंदूच राहिली आणि तिच्याच घरातून पुढे हिंगण्याचं काम उभं राहिलं. हे पुण्याला समोर दिसत होतं. तरी रमाबाईंकडे बघताना पुण्याला बाप्तिस्म्याशिवाय दुसरं काही दिसेना. शिरूरच्या शेतकऱ्यांना मेलेल्या साहेबात सतपुरुष दिसला आणि पुण्याच्या विद्वानांना जिवंत रमाबाईंत फक्त बाटगी दिसली. मग आंधळं कोण?

१८९६-९७ ला मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणी खाल्लेला झाडपाला आठवत असणारच. शेकडो बायका-मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात ठेवायला परवानगी नाही. म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुली आल्या, संख्या दीड हजारावर गेली.

या बायकांत आंधळ्याही होत्या. दुष्काळ आणि आंधळेपण यांचं नातं आज आपल्याला माहीत आहे. 'अ' जीवनसत्त्व पोटात गेलं नाही की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ खराब होतं. त्यात देवी आणि खुपऱ्या. पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? कुणाचंच नाही, पोटात अन्न नव्हतं. रमाबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. विधवा झाली ती गेल्या जन्मीच्या पापाने, असं बालविधवांना ऐकवलं जायचं, हे त्यांनी १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात लिहिलंच होतं. तोच प्रश्न आता आंधळ्या मुलींबाबत समोर उभा होता आणि त्यांनी उत्तर म्हणून एक सदन बांधलं.

मनोरमाबाई ब्रेल शिकल्या होत्या, त्यांनी या मुलींना वाचायला शिकवायला घेतलं. ब्रेल म्हणजे सहा टिंबं, आमच्या भाषेत सहा बिट, ६४ शक्यता. सगळ्या भारतीय भाषांची मिळून 'भारती ब्रेल' ठरली ती १९५१ ला. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी केडगावला आंधळ्या मुली बोटांनी वाचत होत्या, आणि त्याच वेळी आसपासच्या गावांतल्या धडधाकट डोळ्यांच्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती.

मला इथे एक गोष्ट खटकायची. आंधळेपण म्हणजे अश्रद्धा ही उपमा खऱ्या आंधळ्या माणसाला किती लागत असेल! बिचारीला डोळे नाहीत आणि वर तिचं व्यंग म्हणजे पापाचं चिन्ह. पण बार्तिमय हे नाव निवडलं गेलं आणि ते मला आता बरोबर वाटतं. त्या गोष्टीत आंधळा चुकलेला नाहीच. चुकलेत ते त्याला गप्प बसवणारे. दृष्टीची परीक्षा त्यांची आहे, कडेला बसलेला त्यांना दिसतो की नाही.

रमाबाईंनाही सगळं दिसलं असं मी म्हणणार नाही. जुन्या धर्मात वडिलांसारखी माणसं कुठून तयार झाली याचं उत्तर त्यांच्या नंतरच्या लिखाणात मला सापडत नाही. पण त्यांचं काम थांबलं नाही. कान जवळजवळ गेलेले, तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून जवळजवळ अठरा वर्षं त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवून ते छापत होत्या. २४ जुलै १९२१ ला चाळीस वर्षांची मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं.

आता हे सगळं मी का लिहितोय? माझ्या आजीची एक आत्या होती. अकराव्या वर्षी विधवा झाली. केस काढले, आलवण नेसवलं, स्वयंपाकघरात आयुष्य गेलं. आजी सांगायची, की तिला केडगावला पाठवा असं कुणीतरी सुचवलं होतं. तर घरच्यांनी सांगितलं, "तिथे बाटवतात." आमच्या घरात हे वाक्य अभिमानाने सांगितलं जायचं, आम्ही धर्म राखला म्हणून. मी मोठा झाल्यावर आजीला विचारलं, "मग कर्व्यांच्या आश्रमात का नाही पाठवलं गं? तिथे तर बाटवत नव्हते." आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "घरात काम कोण करणार होतं?"

म्हातारपणी आत्याला मोतीबिंदू झाला. सगळे म्हणायचे, तिला आता काही दिसत नाही. घरात सगळ्यांचे फोटो आहेत, तिचा एकही नाही.

परत येताना चौफुल्याला सोलापूर रोडला लागलो. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. घरी आल्यावर आईला फोन करून आत्याचं माहेरचं नाव काय होतं ते विचारलं. तिला माहीत नव्हतं. मावशीला विचारून सांगते म्हणाली.

चूकभूल द्यावी घ्यावी.